चार की चाळीस?

भोसरी, सोमवार, सकाळी ८.४०

तुमच्या नोकरीचा आज तिसरा दिवस. एमआयडीसीतला मध्यम आकाराचा कारखाना, त्याच्या स्टोअरमधलं अगदी शेवटचं टेबल, टेबलावर एक मॉनिटर. गेले दोन दिवस तुम्ही मान डोलावण्याचं काम चोख बजावलं आहे. इथली माणसं मराठीच बोलतात, पण त्यातली क्रियापदं तेवढी मराठी. ‘पीओ ओपन आहे, जीआरएन झालंय, पण माल क्यूसीला अडकलाय. रात्री एमआरपी रन झाला की पीआर पडेल.’ यातलं ‘आहे’, ‘झालंय’, ‘अडकलाय’ आणि ‘पडेल’ तुम्हाला कळलं.

आज मान डोलावून भागणार नाही. असेंब्लीचा सुपरवायझर दारात उभा आहे. त्याला ६२०४ नंबरची बारा बेअरिंग हवी आहेत, आत्ता.

“किती आहेत बघ,” स्टोअरचे काका म्हणतात.

“चाळीस,” तुम्ही स्क्रीनवर बघून सांगता.

काका रॅकपाशी जातात, वाकतात, पुठ्ठ्याचे छोटे डबे हलवून बघतात आणि परत येतात. “चार.”

“पण काका, सिस्टीमला चाळीस आहेत.”

“मग सिस्टीममधनं काढून दे त्याला.”

सुपरवायझर हसत नाही. तुम्ही एंटर दाबता. चाळीस. पुन्हा दाबता. चाळीस. तिसऱ्यांदा दाबायला जाता, तर बोटाखाली बटणच नाही.

पन्हाळा, १६७४

बोटांत बोरू आहे आणि नाकातोंडात भाताचा कोंडा. मान वर केलीत तर छताला भोकं दिसतात. त्यांतून धान्याची धार थेट खाली कोसळते आहे. ही अंबारखान्यातली गंगा कोठी. शेजारी यमुना आणि सरस्वती आहेत, पण सगळ्यांत मोठी हीच. हिच्यात २५ हजार खंडी धान्य मावतं, असं सांगतात. गेल्याच वर्षी गड पुन्हा महाराजांच्या ताब्यात आला आहे आणि कोठ्या भरून घेण्याची घाई चालली आहे.

तुम्ही इथले कारकून. एक बैल खाली झाला की गोणी मोजायच्या आणि आवक लिहायची. भोसरीत ज्याला जीआरएन, म्हणजे गुड्स रिसीट नोट म्हणतात, ती याहून वेगळी काही नाही. कोणाकडून आलं, काय आलं, किती आलं, कोणत्या कोठीत पडलं. त्यातली कोठी म्हणजे तिथलं स्टोरेज लोकेशन.

नोंद लिहून झाली म्हणून तुम्ही निवांत होता, तेवढ्यात ध्यानात येतं की हे धान्य तुम्हाला एकट्याला हलवता येणार नाही. गडाच्या किल्ल्या हवालदाराकडे, फौज सरनौबताकडे, हिशेब आणि हजेरी सबनिसाकडे, रसद कारखानिसाकडे. सभासदाच्या बखरीत ही व्यवस्था नोंदलेली आहे. एका गडावर एकाच्याच हाती सगळं द्यायचं नाही. हवालदार, सबनीस, सरनौबत एका तोलाचे, एकावर दुसऱ्याची नजर. एक फितला तरी गड जात नाही.

आज कंपनीत तुम्हाला लॉगिन मिळतं तेव्हा सोबत ‘रोल’ मिळतो, आणि रोलबरोबर ‘ऑथरायझेशन’. जो ऑर्डर देतो त्याने मालाची आवक नोंदवायची नाही, जो आवक नोंदवतो त्याने बिलाचे पैसे सोडायचे नाहीत. ‘तुम्हाला परवानगी नाही’ असा लाल संदेश स्क्रीनवर आला की नव्या माणसाला अपमान वाटतो. तो अपमान नाही, तटबंदी आहे. सबनीस, कारखानीस, चिटणीस, फडणीस, पोतनीस ही आज आपली आडनावं आहेत. त्या काळी ते रोल होते. आणि ज्याला लोक अठरा कारखाने आणि बारा महाल म्हणतात, त्यांतला प्रत्येक कारखाना म्हणजे एकेक मॉड्यूल. तोफखान्याचं तोफखान्यापाशी, मुदपाकखान्याचं मुदपाकखान्यापाशी.

“किती झालं?” कोठीवरचा म्हातारा विचारतो.

“चाळीस,” तुम्ही सांगता.

म्हातारा खेकसतो. चाळीस काय? मण की पायली? आणि पायली तर कुठली? वीस मणांची खंडी, हे सगळ्यांना पाठ असतं. पण मणाच्या पायल्या किती आणि पायलीत मावतं किती, यावर दर मुलखाचं माप निराळं. आकडा नंतर लिही, माप आधी लिही, असं बजावून तो पुढच्या बैलाकडे वळतो.

तुम्ही बोरू दौतीत बुडवता. त्याच्या टोकाला आता पीस आहे.

व्हेनिस, १४९४

खिडकीखाली कालव्याचं पाणी थपथपतं आहे. तुम्ही एका मिरीच्या व्यापाऱ्याच्या पेढीवर उमेदवार आहात. पोत्यांतली मिरी मलबारच्या किनाऱ्यावरून निघून अलेक्झांड्रियामार्गे इथवर आली आहे. वास्को द गामा कालिकतला पोचायला अजून चार वर्षं आहेत.

यंदा नोव्हेंबरात या शहरात एक जाडजूड ग्रंथ छापून झाला आहे. लुका पाचोली नावाच्या फ्रान्सिस्कन साधूने त्यात गणिताबरोबर व्हेनिसच्या व्यापाऱ्यांची हिशेबाची रीतही लिहून काढली आहे. ही रीत त्याने शोधली नाही; व्यापारी ती आधीपासून वापरतच होते. त्याने ती नव्या माणसाला समजेल अशी मांडली.

तुमच्यापुढे तीन वह्या आहेत. पहिली कच्ची. दुकानात जे घडेल ते त्यात लगेच टिपायचं, हाती येईल त्या नाण्यात, पेढीवर असेल त्याच्या अक्षरात. दुसरी रोजकीर्द. इथे तोच व्यवहार तारखेनुसार, नेटका, एकाच नाण्यात बदलून. तिसरी खतावणी. इथे तोच व्यवहार दोन ठिकाणी जातो, एका खात्याच्या नावे आणि दुसऱ्याच्या जमा. मिरी आली, रोकड गेली. दोन्ही बाजूंची बेरीज सारखी आली पाहिजे. नाही आली तर झोप नाही. रोजकीर्दीतली नोंद खतावणीत चढली की तिच्यावर तिरपी रेघ मारायची. नावे चढलं, एक रेघ. जमा चढलं, दुसरी.

भोसरीत अकाउंट्सच्या मॅडम ‘पोस्टिंग झालं का?’ असं विचारतात, तेव्हा त्या या दोन रेघांबद्दलच विचारत असतात. त्यांचं ‘जीएल’, म्हणजे जनरल लेजर, ही तिसरी वही. प्रत्येक पोस्टिंगला ‘डॉक्युमेंट नंबर’ पडतो. तो धरून कुठल्याही आकड्यावरून त्याच्या मुळाशी चालत जाता येतं. हा नंबर आत्ताच लक्षात ठेवा, परत गेल्यावर लागणार आहे.

इतक्यात तुमच्या हातून घोटाळा होतो. एकाच्या खात्यातली रक्कम दुसऱ्याच्या खात्यात चढते. तुम्ही चाकूने खरवडायला जाता आणि मनगट धरलं जातं. खतावणीत खाडाखोड नाही. चुकीची नोंद जागच्या जागी राहू द्यायची, तिच्या उलट नोंद करून ती फिटवायची आणि मग बरोबर नोंद घालायची. पाचोलीने यासाठी शब्द दिला आहे, ‘स्तोर्नारे’. पुढे जर्मन हिशेबनीस त्याला ‘श्टोर्नो’ म्हणू लागले. तुमच्या सिस्टीममध्ये त्याचं नाव ‘रिव्हर्सल’. चूक पुसायची नसते, फिटवायची असते.

रेसीन, विस्कॉन्सिन, १९६१

शाईचा वास जाऊन वंगणाचा येतो. जे. आय. केस कंपनीचा ट्रॅक्टरचा कारखाना. तुम्ही प्लॅनिंग विभागात आहात आणि तुमच्यासमोर ऐंशी रकान्यांच्या पंचकार्डांची चळत आहे.

सुटे भाग किती मागवायचे, याची आजवरची रीत सोपी होती. रॅकमधला साठा ठरावीक रेघेखाली गेला की नवी ऑर्डर. एका वेळी किती मागवायचं, याचं सूत्र फोर्ड हॅरिस याने १९१३ सालीच मांडून ठेवलं होतं. पण जोसेफ ऑर्लिकी या माणसाला ही रीत पटत नाही. चेकोस्लोव्हाकियातून अमेरिकेत आलेला हा गृहस्थ इथे कॉम्प्युटरवर वेगळंच काही बसवतो आहे. त्याचं सार इतकंच: जे मोजता येतं त्याचा अंदाज करू नका. गिऱ्हाईक किती ट्रॅक्टर घेईल, हा अंदाजाचा विषय. पण ट्रॅक्टर किती बांधायचे हे एकदा ठरलं, की चाकं किती लागतील याचा अंदाज कशाला? तो सरळ हिशेब आहे.

त्या हिशेबाला आधी यादी लागते. एका ट्रॅक्टरला काय काय आणि किती लागतं, त्यातल्या प्रत्येक भागाला पुन्हा काय काय लागतं. ही ‘बिल ऑफ मटेरियल’, तुमची बीओएम. यातल्या ‘बिला’चा पैशाशी संबंध नाही. पुरणपोळीचं सामान लिहून काढावं तशी ही यादी आहे, फक्त यातल्या पुरणाचीही वेगळी यादी असते.

कागद घ्या आणि मांडा. शंभर ट्रॅक्टर. प्रत्येकाला पुढची चाकं दोन, दर चाकाला बेअरिंग दोन. एकूण गरज ४००. रॅकमध्ये आहेत १२०. आधीच्या ऑर्डरपैकी यायची आहेत १००. निव्वळ गरज १८०. पुरवठादाराला माल द्यायला तीन आठवडे लागतात. हा ‘लीड टाइम’. काम १ जूनला सुरू व्हायचं असेल तर ऑर्डर ११ मेला सुटली पाहिजे. अडीअडचणीला काही नग राखून ठेवले असतील तर तो ‘सेफ्टी स्टॉक’. त्याला हात लावायचा नाही, तो हिशेबातून वेगळा काढायचा.

हाच तुमचा एमआरपी, मटेरियल रिक्वायरमेंट्स प्लॅनिंग. बिस्किटाच्या पुड्यावरचा एमआरपी निराळा, दोघांची गल्लत करू नका. मशीनने काढलेलं उत्तर म्हणजे नुसती मागणी. ती पीआर, पर्चेस रिक्विझिशन. अधिकारी माणसाने मान्य करून ती पुरवठादाराकडे पाठवली की ती पीओ, पर्चेस ऑर्डर. पीआर आपल्या घरातलं बोलणं, पीओ बाहेर दिलेला शब्द.

पुढे १९७५ साली ऑर्लिकी यावर पुस्तक लिहील आणि ही रीत कारखान्या-कारखान्यांत पोचेल. पण तुमची नजर त्या १२० या आकड्यावर खिळली आहे. तो खोटा निघाला तर? मशीन खोट्या आकड्यावरूनही तितक्याच शिस्तीत गणित करेल, आणि उत्तर तितकंच सुबक छापून येईल.

ओस्ट्रिंगेन, पश्चिम जर्मनी, १९७२

रात्र आहे. आयसीआय कंपनीच्या नायलॉन धाग्याच्या कारखान्यात कॉम्प्युटरच्या खोलीत दिवे चालू आहेत. आयबीएम सोडून आलेल्या पाच जणांनी यंदा आपली छोटी कंपनी काढली आहे: डिटमार हॉप, हासो प्लाटनर, क्लाउस चिरा, हान्स-वेर्नर हेक्टर आणि क्लाउस वेलेनरॉयथर. कंपनीचं नाव एसएपी. त्यांच्याकडे स्वतःचा कॉम्प्युटर नाही. म्हणून ते गिऱ्हाइकाचा वापरतात, बऱ्याचदा रात्री नाहीतर सुट्टीच्या दिवशी.

तुम्ही त्यांच्यामागे उभे राहून बघता. त्या काळच्या रिवाजानुसार दिवसभराची कार्डं गोळा करून रात्री एकदम मशीनला घालायची, हे ‘बॅच’. सकाळी जो साठा कळतो तो कालचा असतो. शिवाय स्टोअरची कार्डं वेगळी, हिशेबाची वेगळी. एकच पोतं दोन खात्यांत दोनदा लिहिलं जातं आणि दोन्हीकडे आकडा वेगळा निघतो. या पाच जणांना हवं आहे ते असं: माल आला की पडद्यावर तेव्हाच लिहा, एकदाच लिहा, आणि तीच नोंद साठ्यातही दिसू दे आणि हिशेबातही. याला ते ‘रिअल टाइम’ म्हणतात. त्यांच्या सॉफ्टवेअरच्या नावांत पुढे येणारा ‘आर’ तोच: आर/२, मग १९९२ सालचं आर/३.

नीट बघा, आजवरच्या प्रवासात नवं असं काही पहिल्यांदाच दिसतं आहे. कोठी जुनी, खतावणी जुनी, यादीवरून करायचं गणितही दहा वर्षांचं. नवं हे, की वही एकच झाली.

एकच वही करायची तर एकाच वस्तूला सगळ्यांनी एकाच नावाने हाक मारायला हवी. म्हणून आला ‘मास्टर डेटा’: प्रत्येक मालाचं, पुरवठादाराचं, गिऱ्हाइकाचं एकदाच भरलेलं पान. बेअरिंगचा कोड, त्याचं वर्णन, ते नगात मोजायचं की बॉक्समध्ये, एका बॉक्समध्ये नग किती. या पानाच्या आधारावर रोज घडतं ते ‘ट्रान्झॅक्शन’: ऑर्डर, आवक, बिल. ट्रान्झॅक्शनची चूक एका दिवसाची असते. मास्टरमधली चूक रोज नव्याने घडते.

१९८०च्या दशकात या हिशेबात यंत्रांचे तास, माणसं आणि पैसाही आला. त्याला एमआरपी टू म्हणू लागले. १९९० साली गार्टनर या संशोधन संस्थेने सगळ्या कारभाराला मिळून एक नाव दिलं, एंटरप्राइज रिसोर्स प्लॅनिंग. तुमची ईआरपी. नावात ‘प्लॅनिंग’ आहे, पण मूळ गाभा त्या एका वहीचा.

हर्शी, पेनसिल्व्हेनिया, ऑक्टोबर १९९९

इथे फार वेळ थांबायचं नाही, पण हे बघून जा. हॅलोविन तोंडावर आलं आहे आणि प्रसिद्ध चॉकलेट कंपनी हर्शीची गिऱ्हाइकं फोनवर फोन करताहेत. चॉकलेट बनलेलं आहे, गोदामात आहे, पण निघत नाही. चार वर्षांत करायचं काम कंपनीने अडीच वर्षांत उरकायचं ठरवलं आणि तीन वेगवेगळी सॉफ्टवेअर एकदम चालू केली, तीही उन्हाळ्यात, सणासुदीच्या ऑर्डरी सुरू होण्याच्या वेळी. त्या हंगामात दहा कोटी डॉलरहून अधिक रकमेच्या ऑर्डरी पुऱ्या करता आल्या नाहीत.

जुनं बंद करून नवं चालू करण्याचा मुहूर्त म्हणजे ‘गो-लाइव्ह’. त्याआधी जुन्या वह्यांतला साठा आणि बाकी नव्या वहीत आणण्याची धावपळ म्हणजे ‘कटओव्हर’. रोज काम करणाऱ्यांनी त्याहीआधी बसून खऱ्याखुऱ्या व्यवहारांवर घेतलेली परीक्षा म्हणजे ‘यूएटी’. आणि सगळं एका फटक्यात चालू करणं म्हणजे ‘बिग बँग’. लग्न, मुंज आणि वास्तुशांत एकाच दिवशी उरकावी, तसं.

तुमच्याकडे सिस्टीममध्ये आहे आणि रॅकवर नाही. इथे गोदामात आहे आणि सिस्टीममधून निघत नाही. वही आणि वस्तू यांची फारकत झाली, की दोन्ही एकेकट्या निरुपयोगी.

भोसरी, सोमवार, सकाळी ८.४१

स्क्रीनवर चाळीसच आहेत. सुपरवायझर दारातच आहे. काकांचा चहाही अजून गरम आहे.

तुम्ही या वेळी एंटर दाबत नाही. चाळीसच्या आकड्यावर जाता आणि त्याचं डॉक्युमेंट उघडता. गेल्या बुधवारची आवक. पीओ बघता: मागवली होती चाळीस, चार बॉक्स. जीआरएन बघता: ४. शेजारचा रकाना आजवर तुम्ही कधी वाचलाच नव्हता. तिथे लिहिलंय ‘बॉक्स’. मास्टर बघता: एका बॉक्सचे दहा नग.

रॅकपाशी जाता. पुठ्ठ्याचे चार छोटे डबे, प्रत्येकात एक बेअरिंग. रॅकला सुतळीने बांधलेलं बिन कार्ड आहे, काकांच्या अक्षरातलं. बुधवारची तारीख आणि पुढे: आवक ४, शिल्लक ४. कच्च्या वहीत खरं लिहिलेलं होतं. पक्क्या वहीत तोच आकडा गेला, पण डबा म्हणजे बॉक्स झाला आणि मशीनने इमानेइतबारे दहाने गुणलं.

तुम्ही अकाउंट्सला फोन लावता.

“त्या बेअरिंगचं बिल ना?” मॅडम म्हणतात. “चार नगांचं आलंय, आणि तुमचं जीआरएन चाळीसचं. थ्री-वे मॅच होईना म्हणून मी शुक्रवारीच ब्लॉक करून ठेवलंय. स्टोअरमधून कुणी विचारलंच नाही.”

ऑर्डर, आवक आणि बिल, तिघांचं एकमत झाल्याशिवाय पैसे सुटत नाहीत; तो थ्री-वे मॅच. गडावरचे तिघे आपापल्या जागी चोख उभे होते. एकाने तर हटकलंही होतं. वही सगळ्यांना दिसत होती, बघितलं कुणीच नव्हतं.

चूक फिटवायला तुम्ही रिव्हर्सल करायला जाता. लाल संदेश: परवानगी नाही. या वेळी राग येत नाही. स्टोअर ऑफिसर सर येतात, कागद बघतात आणि आवक उलटवतात. एसएपीसारख्या सिस्टीममध्ये आवकेचा कोड १०१ असतो आणि उलटवण्याचा १०२. दोन्ही नोंदी कायम राहतात, बुधवारची चूकही आणि सोमवारची दुरुस्तीही. पीओवर पुन्हा चाळीस बाकी दिसू लागतात. आता नव्याने जीआरएन. तसं केलं नसतं, तर आज रात्रीही एमआरपीने चाळीस आहेत असं धरलं असतं आणि पुरेसा माल आहे म्हणून गप्प बसला असता.

पर्चेसवाले उरलेल्या छत्तीससाठी पुरवठादाराला फोन लावताहेत. सुपरवायझर आहेत ती चार घेऊन जातो, कपाळावर आठी तशीच ठेवून. काका तुमच्या खुर्चीमागे येऊन उभे राहतात. त्यांचा चष्मा कपाळावर असतो, त्यामुळे स्क्रीनवरचं बारीक त्यांना वाचता येत नाही, हे तुमच्या आज लक्षात येतं.

तुमचं बोट आकड्याच्या रकान्यावर जातं, थांबतं आणि आधी शेजारच्या रकान्यात जातं.

“किती टाकतोयस?” काका विचारतात.

“नग,” तुम्ही म्हणता. “चार.”